माग थांबवा, मग धागा शोधा: बिघडत्या हार्ड डिस्कमधून डेटा काढताना

माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. २४ माग एकाच वेळी खडखडत असताना दारात उभं राहून सांगायचे, "सात नंबरचा धोटा अडखळालाय बघ." जाऊन पाहावं तर सातच नंबर. मी मागाच्या धंद्यात गेलो नाही. सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्याला १९ वर्षं झाली. पण कान त्यांचाच घेतलाय. कुणी हार्ड डिस्क आणून टेबलावर ठेवली की स्क्रीनकडं बघायच्या आधी मी ती ऐकतो.

त्यांची दुसरी गोष्ट मला धंद्यात जास्त उपयोगी पडली. ताण्याचा (उभा) धागा तुटला की आधी माग थांबवायचा, मग तुटलेलं टोक शोधायचं. चालत्या मागावर टोक शोधत बसलं की वीतभर कापड खराब होतं आणि शेजारचे चार धागेही जातात. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेकांनी माग चालूच ठेवलेला असतो. डिस्क उघडेना म्हणून दहादा बंद-चालू केलेली, फुकटची दोन-तीन रिकव्हरी सॉफ्टवेअरं त्याच डिस्कवर उतरवलेली, भाच्यानं येऊन काहीतरी 'रिपेअर' मारलेलं. हे सगळं झाल्यावर डिस्क माझ्या टेबलावर. तुम्ही त्याच्या आधी हे वाचावं म्हणून लिहितोय.

आधी वीज काढा

पूर्वी क्षणात उघडणारी फाइल आता मिनिट खातेय, फोल्डरवर क्लिक केलं की सगळा कॉम्प्युटर गोठतोय, 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं विंडोज म्हणतंय, किंवा आतून कधी न ऐकलेला आवाज येतोय. यातलं काहीही झालं तरी पहिलं काम एकच: बंद करा. फॉरमॅटच्या चौकटीत 'कॅन्सल' दाबा. कॉम्प्युटर गोठला असेल तर पॉवरचं बटन दाबून धरा. आवाज खरवडल्यासारखा असेल तर शटडाउनची वाटही बघू नका, सरळ वायर काढा.

कारण सांगतो. डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या असतात. डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. एवढ्याशा फटीत हेड कुठं घासायला लागलं तर एका मिनिटात त्याच जागेवरून ७,२०० वेळा जाणार. तिथला चुंबकीय थर खरवडून निघतो आणि त्याची भुकटी बाकीच्या तबकडीवर पसरते. खरवडून गेलेला भाग मग पुण्यातच काय, जगात कुणी परत आणू शकत नाही. "फक्त एकदा चालू करून बघतो" या वाक्याची किंमत ही एवढी आहे.

ऐका, पण एकदाच

आवाज अजिबात नाही, तबकडी फिरतच नाही, असं असेल तर आधी साधी कारणं तपासा. वायर बदला, पोर्ट बदला. साडेतीन इंची बाहेरच्या डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. घरात सगळ्या अडॅप्टरच्या पिना सारख्याच दिसतात, कुणीतरी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा खुपसतं आणि डिस्क गप्प होते. यात एक बरं असतं. बऱ्याच डिस्कच्या सर्किटवर जास्तीचा व्होल्टेज अंगावर घेऊन स्वतः शॉर्ट होणारा एक डायोड असतो. तो मेला की डिस्क फिरत नाही, पण तबकडीला बहुधा काही झालेलं नसतं. सोल्डरिंगचा हात असलेला माणूस तेवढं काम करू शकतो.

लॅपटॉपची किंवा खिशातली अडीच इंची डिस्क पडली आणि आता बारीक 'गुंऽऽ' किंवा बीपसारखा आवाज करत थांबते, तर बहुधा हेड तबकडीला चिकटून बसलंय आणि मोटर जोर लावतेय. ठेवून द्या.

'टक्… टक्… टक्…' आणि मग शांत. हेडला स्वतःची जागाच सापडत नाही, ते परत कडेला जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. ठेवून द्या. खरखर, किरकिर, कौलावर खिळा ओढल्यासारखा आवाज असेल तर सांगायलाच नको.

या तिन्ही आवाजांवर घरगुती इलाज नाही. दर मे महिन्यात कुणीतरी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून आणतं. सोलापूरच्या ४३ अंशांत फ्रीजरमधली वस्तू बाहेर काढली तर तिच्यावर पाणी सुटतं, स्टीलच्या तांब्यावर सुटतं तसंच, आणि डिस्कच्या आतसुद्धा. दुसरा उद्योग म्हणजे तशीच दुसरी डिस्क आणून सर्किटची पाटी बदलणं. आत्ताच्या डिस्कमध्ये त्या पाटीवरच्या छोट्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडांची खास मापं लिहिलेली असतात. ती चिप काढून नव्या पाटीवर बसवली नाही तर पाटी बदलून काही होत नाही, झालं तर नुकसानच. आणि डिस्कचं झाकण कुणीही उघडायचं नाही. लॅबवाले हे काम गाळलेल्या हवेच्या स्वच्छ कक्षात करतात. आमच्या गावात तर हवेत सुताचं तूस तरंगतं. वडील कारखान्यातून घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या.

अशी डिस्क पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी लॅबलाच द्यावी लागते. खर्च हजारांत मोजायचा, म्हणून आत काय आहे आणि ते तेवढ्या किमतीचं आहे का, हे घरी बसून ठरवा. देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, डेटा निघाला नाही तर काय घेणार, पैसे भरण्याआधी निघालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, आणि मूळ डिस्क परत देणार का. नेताना अँटिस्टॅटिक पिशवी, वर बबलचं वेष्टण, मग पुठ्ठ्याचा डबा. मी कुरिअरनं पाठवत नाही. कुणीतरी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला मांडीवर घेऊन जावं असं सांगतो. लोक हसतात, पण नेतात.

आवाज नेहमीचाच आहे, डिस्क कॉम्प्युटरला दिसतेय, फक्त रडतखडत चालतेय, अशी डिस्क मात्र दुकानात किंवा घरी हाताळता येते. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

माझी चूक

दुकान टाकून तीन-चार वर्षं झाली होती. एका निवृत्त मास्तरांची डिस्क आली. त्यांनी गावच्या जुन्या कागदपत्रांचे फोटो काढून ठेवले होते, वर्षानुवर्षांचं काम. डिस्क हळू चालत होती. मी शहाण्यासारखा विंडोजचं चेकडिस्क लावलं, तेही सगळ्या सेक्टरांची (डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या कप्प्यांची) तपासणी करणारं, आणि शटर ओढून घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर डिस्क 'दुरुस्त' झाली होती. फोल्डर गायब, आणि त्यांच्या जागी 'फाउंड.०००' नावाचा एकच फोल्डर. आत 'फाइल००००.सीएचके', 'फाइल०००१.सीएचके' अशा हजारो फाइली. कुठला कागद कुठल्या वर्षाचा, काही पत्ता नाही. मास्तर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

चेकडिस्कचा त्यात दोष नाही. फाइलींची मांडणी सुसंगत करणं हे त्याचं काम, तुमचा डेटा वाचवणं हे नव्हे. जे जुळत नाही ते कापून टाकून ते मांडणी जुळवतं, आणि हे सगळं मूळ डिस्कवरच लिहितं. शिवाय आजारी डिस्क अख्खी वाचायला लावतं. कॉम्प्युटर चालू होताना विंडोज स्वतःच डिस्क तपासायला निघालं तर ते सुरुवातीला काही सेकंद मोजतं. तेवढ्यात कुठलंही बटन दाबून थांबवा. दुरुस्ती करायची ती नकलेवर. मूळ डिस्कमधून फक्त वाचायचं, तेही शक्यतो एकदाच.

दुखणं किती आहे ते बघा

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं की ती दिसते, लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये स्मार्टसीटीएल. चारच ओळी बघा. ०५ म्हणजे खराब निघून बदली दिलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले. सी६ म्हणजे वाचायची आशा सोडलेले. आणि सी७ म्हणजे वायरीतून येताना बिघडलेला डेटा. फक्त सी७ वाढलेला असेल तर खूश व्हा, बहुधा सॅटाची (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) वायर बदलून काम भागेल.

एक गंमत सांगतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मूळ सेटिंगमध्ये सोळा अंकांच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत दाखवतं. 'सी५'समोर २ए८ दिसलं की लोक 'दोन' म्हणून सोडून देतात, ते प्रत्यक्षात ६८० असतात. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करून घ्या. बघून झालं की बंद करा. स्मार्टमध्ये 'लांब चाचणी'चा पर्याय असतो, तो आजारी डिस्कवर लावू नका. ती चाचणी म्हणजे डिस्क पुन्हा अख्खी वाचणं, आणि हातात काही मिळत नाही.

अण्णांची डिस्क

गेल्या मे महिन्यात साखर पेठेतले एक अण्णा आले. जेकार्डची, म्हणजे कापडात विणायच्या नक्षीची, डिझाइनं करतात, टॉवेलची आणि चादरीचीही. कॉम्प्युटरातून काढून आणलेली १ टीबीची डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"चौदा वर्षांची डिझाइनं हाईत बघ. काल सांच्यापासून उघडंनाच झालंय."

"किती वेळा चालू करून बघितलंत?"

"तीन-चारदा."

मी नुसताच बघत राहिलो.

"बरं, पंधरादा असंल की."

आवाज स्वच्छ होता. सी५ वर ते वर सांगितलेले ६८०. एक सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर हे सगळे मिळून ३४० केबी होतात, मोबाइलवरच्या एका फोटोहून कमी. तेवढ्यासाठी विंडोज अख्खी डिस्क गोठवून बसलं होतं, कारण न वाचणाऱ्या सेक्टरवर ते पुन्हा पुन्हा धडका मारत राहतं. त्यात अँटिव्हायरस वेगळा वाचतो, फोटोंची छोटी चित्रं बनवणारा वेगळा, शोधासाठी सूची करणारा वेगळा. म्हणून अशी डिस्क मी विंडोजला लावत नाही. पेनड्राइव्हवरून चालणारं सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स वापरतो. ते जोडलेली डिस्क स्वतःहून उघडायला जात नाही, आणि लागणारी सगळी हत्यारं त्यात आधीच असतात. उबुंटू हे दुसरं लिनक्सही चालेल, पण ते बाहेरून जोडलेली डिस्क आपण होऊन उघडतं, ते आधी बंद करावं लागतं.

यातलं मुख्य हत्यार म्हणजे डीडीरेस्क्यू. फुकट आहे. ग्नूचं डीडीरेस्क्यू तेच घ्या, कारण जवळजवळ याच नावाचं दुसरं एक आहे. उबुंटूमध्ये याचं पॅकेज 'जीडीडीरेस्क्यू' या नावानं मिळतं, कमांड मात्र 'डीडीरेस्क्यू'च. ते फाइली बघत नाही. डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत जशीच्या तशी दुसरीकडं उतरवतं, त्या उताऱ्याला इमेज म्हणतात. त्याची खुबी अशी की अडलं तिथं अडून बसत नाही. अडचणीची जागा नोंदवून उडी मारतं, आधी सोपं सोपं सगळं उचलतं आणि नंतर खराब जागांच्या कडा कुरतडत आत जातं. डिस्क मध्येच मेली तरी तोवर जास्तीत जास्त माल हाती आलेला असतो.

तयारी अशी. इमेज ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क हवी. १ टीबीच्या डिस्कला १ टीबीची नको, फाइल म्हणून इमेज ठेवायला तिच्यात जागा पुरत नाही, २ टीबीची घ्या. ती फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली नसावी, त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढं जात नाही. आजारी डिस्क शक्यतो मदरबोर्डला सॅटाच्या वायरीनं थेट जोडा. यूएसबीच्या डब्या अडचण आली की मधेच हात सोडतात. डिस्क आडवी, न हलणाऱ्या टेबलावर, आणि वर साधा पंखा. बऱ्याच डिस्कना ६० अंशांपर्यंतच चालायची मुभा असते, आणि मे महिन्यात माझ्या टेबलावर अण्णांची डिस्क अर्ध्या तासात ५४ ला गेली होती. पाण्याचा कूलर तोंडावर लावू नका, ओल नको. आणि इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच.

आता सगळ्यात धोक्याची जागा. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं असतात, आणि वायर काढून परत लावली की ती बदलूही शकतात. 'एलएसबीएलके' ही कमांड मॉडेल आणि सीरियल नंबर दाखवायला सांगून चालवा, आणि डिस्कच्या स्टिकरवरच्या नंबराशी ताडून बघा. मी स्टिकरचा फोटो मोबाइलवर उघडा ठेवतो आणि आकडे मोठ्यानं वाचतो. दुकानातली पोरं चिडवतात. चिडवू देत. कमांडमध्ये आधी जिथून घ्यायचं ती डिस्क, मग जिथं ठेवायची ती इमेज, शेवटी मॅपफाइल. इमेजऐवजी थेट दुसऱ्या डिस्कवर जबरदस्तीनं ('मायनस एफ' देऊन) उतरवत असाल आणि पहिल्या दोघांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क आजारी डिस्कवर उतरते, आणि मग विषय संपला.

मॅपफाइल म्हणजे कुठलं वाचून झालं, कुठलं राहिलं याची वही. ती विसरलात तर डीडीरेस्क्यू पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. आणि ती इमेजच्याच डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स मेमरीत राहतं, तिथल्या फोल्डरात वही ठेवली तर वीज गेली की वहीही गेली.

पहिल्या फेरीला 'मायनस एन' हा पर्याय द्या (अक्षर इंग्रजी, लहान लिपीतलं). त्याचा अर्थ: खराब जागा आत्ता खरवडत बसू नकोस. अण्णांच्या डिस्कची ही फेरी संध्याकाळी सातला लावली. सुरुवातीला सेकंदाला ११० एमबीचा वेग होता, म्हणजे निरोगी डिस्क असती तर तीन-चार तासांचं काम. मग वेग पडायला लागला, मध्ये काही मिनिटं शून्य, पुन्हा उठला. असं बघत बसवत नाही. मी जेवून आलो. रात्री पावणेतीनला लाइट गेली, आणि माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी तेव्हा म्हातारी झाली होती. सकाळी आलो तर सगळं काळं. तीच कमांड, तीच मॅपफाइल देऊन पुन्हा चालवली, आणि काम ६१ टक्क्यांपासून पुढं सुरू झालं. बॅटरी त्याच दिवशी बदलली. आजारी डिस्कची वीज अशी अचानक जाणं तिच्या हेडांना बरं नसतं, नशीब म्हणायचं.

दुपारपर्यंत ९९.९८ टक्के उतरलं. ऐकायला भारी वाटतं, पण १ टीबीच्या ०.०२ टक्के म्हणजे २०० एमबी, आणि त्यात फाइलींची अनुक्रमणिका बसलेली असली तर उरलेल्या ९९.९८चा कागद विस्कटतो. म्हणून दुसरी फेरी: आता 'मायनस एन' नाही, त्याऐवजी 'मायनस डी' आणि 'मायनस आर ३'. म्हणजे मधला साठा टाळून थेट डिस्कवरून वाच, आणि न वाचणारे सेक्टर आणखी तीनदा करून बघ. हिला पूर्ण दिवस लागला. शेवटी न वाचलेलं उरलं १.९ एमबी. तिथं मी थांबलो.

थांबायचं कधी हा खरा प्रश्न. डिस्क टकटक करायला लागली, यादीतून गायब झाली, किंवा चुकांचा आकडा धडाधड वाढायला लागला तर कंट्रोल आणि सी दाबा, वही आपोआप लिहिली जाते. वीज काढा, डिस्क थंड होऊ द्या. सुरुवातीपासूनच वेग सेकंदाला काहीशे केबीच्या वर चढत नसेल तर एखादं हेड अशक्त झालंय, ते ढकलून ढकलून मरेल. आत महत्त्वाचं काही असेल तर त्याच टप्प्यावर लॅबचा विचार करा.

इमेज हातात आली की

मूळ डिस्क काढून ठेवा. आता वाटेल ते करा, चुकलं तर इमेज आहेच. तरी मी इमेजही 'फक्त वाचण्यासाठी' जोडतो. नशीब बरं असेल तर फोल्डर सरळ उघडतात आणि नुसती कॉपी करायची असते. अण्णांचं तसंच झालं. पार्टिशनच (डिस्कचा विभाग) दिसत नसेल तर टेस्टडिस्क चालवा. त्याला डिस्कऐवजी इमेज फाइल दिली तरी चालतं, आणि फाइली बघून बाहेर कॉपी करता येतात. अनुक्रमणिका पारच गेली असेल तर शेवटचा उपाय फोटोरेक. नाव फोटोचं असलं तरी ते बाकीच्या शेकडो प्रकारच्या फाइली ओळखतं. पण ते फाइलीचं तोंड बघून ओळखतं, म्हणून नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. लग्नाच्या फोटोंना चालून जातं. टॅलीला, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, नाही. टॅलीचा डेटा म्हणजे नुसत्या आकड्यांचं नाव असलेला फोल्डर आणि आत एकमेकींवर अवलंबून असलेल्या फाइली, त्या सुट्या मिळून काय करणार? दुसरीकडं कुठं टॅलीचा बॅकअप घेतलेला आहे का, ते आधी विचारा. अनेकदा सीएच्या ऑफिसात सापडतो.

मग प्रश्न उरतो की ते १.९ एमबी नेमके कुठल्या फाइलींतले. यासाठी डीडीरेस्क्यूची एक सोय फार कमी लोक वापरतात. इमेजची आणखी एक प्रत करायची, आणि त्या प्रतीत न वाचलेल्या जागांवर एखादा ठरावीक शब्द भरायला सांगायचा. मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायचा. सापडतील त्याच फाइली फाटलेल्या. अण्णांच्या नऊ निघाल्या. सहा विंडोजच्या, एक सिनेमा, दोन डिझाइनं.

ती दोन डिझाइनं आम्ही मूळ इमेजमधून उघडून बघितली. बीएमपी, म्हणजे चित्राच्या फाइली होत्या. न वाचलेली जागा इमेजमध्ये शून्यानं भरलेली असते, आणि बीएमपीत शून्य म्हणजे बहुधा काळा. एका टॉवेलच्या मोरावर, पिसाऱ्याच्या मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत केसासारखी बारीक काळी रेघ. अण्णांनी चष्मा वर केला, स्क्रीनला नाक लावलं. "एक बाणा चुकलाय नुसता," म्हणाले. बाणा म्हणजे आडवा धागा. वरच्या-खालच्या ओळी बघून माऊसनं टिंब टिंब भरत तिथंच खुर्चीत बसून त्यांनी तो मोर दुरुस्त केला. दुसऱ्या डिझाइनची ओळ चौकटीच्या रिकाम्या जागेत होती.

काही वेगळ्या जाती

डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप) असेल तर इमेज निघेल, पण ४८ आकडी रिकव्हरी की नसेल तर आत जाता येणार नाही. नव्या लॅपटॉपवर ते मालकाला न कळताही चालू असतं. की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. खिशातल्या काही डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड सर्किटवरच असतं, सॅटा निघतच नाही. काहींमध्ये डब्यातली पाटीच डेटा सांकेतिक करून लिहिते, तो डबा फेकून आतली डिस्क थेट जोडली तर नुसता कचरा दिसतो. डबा जपून ठेवा.

एसएसडीला (तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कला) हे वरचं फारसं लागू नाही. तिला आवाज नसतो, ती बहुधा सूचनाही देत नाही, एके दिवशी दिसायचीच बंद होते. पुसलेली फाइलही ट्रिममुळं (पुसलेली जागा रिकामी करून टाकणाऱ्या सोयीमुळं) बहुधा परत येत नाही. दिसतेय तोवर इमेज काढा, एवढंच सांगू शकतो.

डेटा दिल्यावर गिऱ्हाइकाला मी दुकानातच बसवतो आणि फाइली त्याच्या हातानं उघडायला लावतो. नुसत्या मोजून नाही. सगळ्यात मोठी, सगळ्यात नवी, आणि जिच्यासाठी झोप उडाली होती ती. इमेज महिनाभर ठेवतो, मग त्याला फोन करून पुसतो.

मेलेल्या डिस्कचंही सांगून टाकतो. एकदा माझ्याकडच्या पोरानं कोपऱ्यातली अशीच एक डिस्क उचलून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात विंडोज टाकून दिलं. पंधरा दिवसांत तो माणूस दारात उभा. तेव्हापासून मी स्टिकरवर जाड मार्करनं तारीख आणि 'गेलेली' लिहितो, आणि सॅटाच्या तोंडावर चिकटपट्टी मारतो. भंगारात द्यायची असेल तर आधी तबकड्या मोडा, नाहीतर ९९.९८ टक्के डेटा भंगारवाल्याकडं जातो. साडेतीन इंचीला ड्रिलनं तीन-चार भोकं पाडली की झालं. अडीच इंचीवर हातोडा घालताना डोळ्यांवर गॉगल आणि डिस्कभोवती जाड फडकं हवं. तिची तबकडी पुष्कळदा काचेची असते, आणि फुटते तेव्हा तिचा अगदी चुरा होतो.